डॉक्टरसाहेबांचं पथ्य

माझा नवरा जाईपर्यंत त्याची समजूत होती की माझ्याबद्दल त्याला सगळं ठाऊक आहे. आईचीही तीच समजूत होती. मी दोघांनाही त्या समजुतीत राहू दिलं. आज जे सांगायला बसले आहे ते त्या दोघांच्या कानावर कधी गेलं नाही — आणि मग तुम्हालाच का, असं विचाराल तर मला नीट सांगता यायचं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल.

आधीच सांगून ठेवते, मी संशयी बाई आहे. लिफ्टमध्ये कुणी हसून बोललं की याचं आपल्याकडे काय काम असेल, हेच पहिल्यांदा मनात येतं. औषधाच्या जाहिराती तर मला बघवत नाहीत. पांढरा कोट घातलेला एक माणूस हाताची घडी घालून हसत असतो ना? मी त्याच्या हसण्याकडे बघत नाही. कोट त्याच्या मापाचा आहे की दुसऱ्याचा, ते बघते. मुलगा चिडवतो, म्हणतो, आई, तुझा जगात कशावर तरी विश्वास आहे का? मी आपली भाजी निवडत बसते. त्याला काय सांगू? असल्या कोटाच्या आत एके काळी मी स्वतः होते — हे सांगू?

पण थांबा. एवढंच असतं तर मी ते कधीच सांगून टाकलं असतं, हसत हसत सांगितलं असतं. खरी गोष्ट ही नव्हे.

आम्ही डिलाईल रोडला चाळीत राहायचो. वडील साळखात्यात, म्हणजे मागावर. गाव साताऱ्याकडचं. गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी नुकतीच एसएससी होऊन घरी बसले होते. पहिले काही महिने सगळेच उत्साहात होते, मग हळूहळू बायकांच्या अंगावरचं किडुकमिडुक दिसेनासं झालं, आणि एका ओळखीने मला गिरगावात नोकरी लागली. ठाकूरद्वाराच्या अलीकडे एक गल्ली, तिथे दुसऱ्या मजल्यावर एक औषधालय होतं. राणीच्या राज्यापासूनचं, असं मालक मोठ्या अभिमानाने सांगायचे. मालकांना सगळे अण्णासाहेब म्हणत. जुन्या मुंबईकर घराण्यातले, गोरेपान, बोलणं इतकं गोड की ऐकणाऱ्याने सावध व्हावं. मी झाले नाही. तेव्हा मला संशय चुकीच्या माणसांचा यायचा.

त्या ऑफिसात भिंतीवर जुन्या जाहिराती काचेत घालून लावल्या होत्या. एकच औषध, ‘उरोबल’. खोकला, दमा, क्षय, प्लेगनंतरची ग्लानी, रक्ताचा अशक्तपणा, बायकांच्या तक्रारी, विद्यार्थ्यांची कमजोर स्मरणशक्ती — सगळ्यावर तीच लाल बाटली. वर डॉक्टरसाहेबांचं चित्र. कानापासून हनुवटीपर्यंत उतरलेले कल्ले, उंच कॉलर, घड्याळाची साखळी. खाली ‘डॉ. एम. जयवंत, लंडन’. आणि त्याखाली ठळक अक्षरात : आपली प्रकृती खुद्द डॉक्टरसाहेबांना पत्राने कळवा, सल्ला मोफत, उत्तर बंद पाकिटातून.

ही पद्धत तेव्हापासून सुरू होती आणि मी कामाला लागले तेव्हाही सुरूच होती. औषधांच्या जाहिरातींवर कायदा आल्यापासून त्यांत क्षयाचं नाव घेता येत नसे. मग ते पत्रात घेतलं जाई. माणूस पत्र लिहायचा, त्याला वाटायचं डॉक्टर वाचतील. ती पत्रं वाचायचं आणि त्यांना उत्तरं द्यायचं काम माझं होतं.

डॉक्टरसाहेब कुठे होते? कुठेच नव्हते. मला वाटलं होतं, कधीतरी होऊन गेले असतील. एक दिवस कपाटातून पाकिटं काढताना छपाईच्या ठशांचं एक जुनं विलायती पुस्तक हाती लागलं. साबणाच्या जाहिरातीला लागणारी बाई, केसांच्या तेलाला लागणारी बाई, हातगाडी, घोडा, आणि एका पानावर आमचे डॉक्टरसाहेब. तेच कल्ले, तीच साखळी. खाली नाव नाही, नुसता नंबर. अण्णासाहेबांच्या कुण्या आजोबांनी तो ठसा पसंत करून बोटीने मागवला असणार. मी ते पुस्तक होतं तिथे ठेवून दिलं.

अण्णासाहेबांनी मला डॉक्टरांचं अक्षर शिकवलं — उजवीकडे झुकलेलं, अनुस्वार मोठे. सहीचा रबरी शिक्का होता. मी एकदा भीत भीत विचारलं, की आजार ओळखता येत नसताना आपण हे लिहितो ते — तर म्हणाले, “हे बघा, आपण धीर देतो. औषधाला सरकारचा परवाना लागतो, धीराला लागत नाही.” मला ते वाक्य तेव्हा फार आवडलं होतं. घरी मी सांगितलं होतं की पार्सलांवर पत्ते लिहिते. चाळीतही तेच माहीत होतं.

उत्तरांचा मजकूर ठरलेला असे. आपला आजार साध्य आहे. उरोबल नियमित घ्यावे. चिंता करू नये. पथ्य सांभाळावे. एवढं लिहून शिक्का मारायचा.

आता चाळीकडे येते. आमच्या शेजारच्या खोलीत सुमतीकाकी आणि गणपतकाका राहत, लेक लग्न होऊन गेलेली. मालवणकडची माणसं. काका गिरणीत ब्लोरूमला होते — कापसाच्या गाठी फोडतात ती जागा. तिथे काम करणाऱ्या माणसाच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असत. काका कमी बोलायचे. काकी मात्र दार उघडलं की सुरू. मी लहान असताना आई दुपारपाळीला खाणावळीत भाकऱ्या थापायला जायची, तेव्हा मला जेवायला घालून झोपवायचं ते काकीच. हे मी सांगायलाच हवं. माझ्या फायद्याचं नाही, पण सांगायला हवं.

काकीला लिहितावाचता येत नव्हतं. गावी पत्र धाडायचं असलं की मी लिहायची, आलेलं मी वाचून दाखवायची. आमच्या मजल्यावरच्या पाचसहा बायकांचं हे काम माझ्याकडे होतं. कोणाची सासू काय म्हणाली, कोणाच्या भावाने जमीन कशी लाटली, मला सगळं ठाऊक. आणि मी ते पोटात ठेवते असा माझा लौकिक होता. गंमत आहे ना?

संप लांबत गेला तशी चाळीची नजर बदलली. कोणाच्या घरी काय शिजतं, कोण किती वाजता बाहेर पडतं, कोणाच्या चपलेला नवा अंगठा लागला — सगळं मोजलं जायचं. गिरणीच्या मागच्या दाराने काही लोकांना पहाटे आत घेतात, अशी बातमी होती. मग जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. वर्षानुवर्षं एका नळावर पाणी भरलेली माणसं, पण एकमेकांशी बोलताना आधी घसा खाकरायची.

गणपतकाका पहाटे बाहेर पडायला लागले. वडिलांनी ते बघितलं. एकदा जेवताना म्हणाले, “गणपत आत जातोय. मी सांगतो तुला. पहाटंचं उठून धुतलेला सदरा घालून माणूस कुठं जातोय? संपात सदरा धुतंय कोण?” आई म्हणाली, असेल काही काम. वडील म्हणाले, “काम? काम तर बंद हाय आपलं.”

आणि मासे. ते तर मला विसरताच येत नाहीत. आमच्याकडे रात्री डाळीचं पाणी आणि भात, आणि शेजारून बांगड्याच्या तिखल्याचा वास. आठवड्यातून दोनदा तरी. कुठून येतात मासे? काकी म्हणायची, भाऊ वरळीला मचव्यावर आहे, तो देतो. म्हणायची. मला ते पटायचं नाही. भावाने आधी कधी दिले नव्हते ते आताच कसे? मी भाताचा घास घ्यायची आणि भिंतीकडे बघत राहायची. भूक लागलेल्या माणसाचा संशय फार पक्का असतो, हे मी स्वतःवरून सांगते. ती माझी सबब नाही हं. मी तेव्हा कमावती होते, घरात सगळ्यांत चांगलं मीच जेवत होते.

मग वडिलांनी काकांशी बोलणं सोडलं. त्यांच्या मागे मजल्यावरच्या बाकीच्या पुरुषांनी सोडलं. काका गॅलरीत आले की लोक आत जायचे. तो न बोलणारा माणूस, त्याने काय म्हणायचं?

अशात एका रविवारी दुपारी काकी आली. आई बाहेर होती. काकीने दार लोटून घेतलं — ते दार दिवसा कधी लोटत नसत — आणि पदराखालून एक आंतर्देशीय पत्र काढलं.

“गे कुंदा, माका येक पत्र लिवन दी. तुमच्या डॉक्टरांका. पण ह्या कोणाक सांगू नको हां.”

मी म्हटलं, काकी, डॉक्टर मला कधी भेटत नाहीत, मी नुसते पत्ते लिहिते. म्हणाली, माहीत आहे, म्हणूनच पत्र. पोस्टाने गेलं की ते स्वतः उघडतील. कॅलेंडरवरचा त्यांचा फोटो तिने बघितला होता. औषधालयाची कॅलेंडरं मीच चाळीत वाटली होती, वर दत्तगुरू आणि खाली डॉक्टरसाहेब. काकीच्या घरी त्या दोघांनाही गंध लागत असे.

तिने सांगितलं आणि मी लिहिलं. “ह्येंचो खोकलो थांबना नाय. थुकीत रगात दिसला. पहाटे मोठ्या हॉस्पिटलात जातत, लायनीत उभे ऱ्हवतत. थयसर छातीचो फोटो काढूक सांगितल्यानी. सुयो घ्यायो लागतले म्हणतत. ह्ये भियाले हत. काय करूचा, तुमी सांगा. तुमी सांगशात तसा करू.”

मी लिहीत होते. हात लिहीत होता आणि डोकं वेगळंच काही करत होतं. माझ्या मनात काय आलं असेल, सांगा बघू? रक्त? खोकला? नाही. माझ्या मनात आलं — बरोबर बेत केलाय. पहाटे हॉस्पिटल! काकाला पहाटे लोकांनी पाहिलंय, हे तिला कळलंय. आता माझ्याकडून पत्र लिहून घेतलं, वर कोणाला सांगू नको म्हटलं, की मी घरात सांगणार, वडील खाली सांगणार, आणि उद्या गणपतकाका आजारी म्हणून चाळभर मोकळा. कोणाला सांगू नको असं म्हणणारी माणसं सांगावं म्हणूनच तसं म्हणतात, असं माझं तेव्हाचं मत. विसाव्या वर्षाच्या आत मी इतकी शहाणी झाले होते.

खोकला तर मला भिंतीतून ऐकू येत होता. पण ब्लोरूमचा कोणता माणूस खोकत नव्हता?

दोन दिवसांनी ते पत्र ऑफिसात माझ्याच टेबलावर आलं. माझंच अक्षर. त्यावर आवकचा शिक्का मारताना मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि मग मी ते केलं. आता सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा सांगणं व्हायचं नाही.

ठरलेल्या मजकुरात हॉस्पिटलचा उल्लेख नव्हता. अण्णासाहेब कितीही गोड असले तरी हॉस्पिटलात जाऊ नका असं त्यांनी कधी लिहायला लावलं नव्हतं. ते मी लिहिलं. मी, माझ्या मनाने. डॉक्टरसाहेबांच्या झुकत्या अक्षरात लिहिलं : ‘हॉस्पिटलात जाण्याची बिलकुल गरज नाही. पहाटेची हवा आपल्या छातीस बाधक आहे, सूर्य वर येईपर्यंत घराबाहेर पडू नये.’

का? कारण मला सापळा लावायचा होता. मी मनात हिशेब मांडला — काका खरंच हॉस्पिटलात जात असतील तर डॉक्टरांचं ऐकून जायचे थांबतील. गिरणीत जात असतील तर डॉक्टर काहीही सांगोत, पहाटे बाहेर पडतीलच. मग मला कळेल. मला खात्री होती, ते बाहेर पडतील. पकडले की वडिलांना सांगू, असा विचार होता. वडिलांच्या डोळ्यांत मला थोडं मोठं व्हायचं होतं, असंही असेल.

तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं नसतं, पण मी थांबलेही नाही. पथ्याच्या जागी नेहमी लिहायचो, तेलकट व आंबट बेताने. मी लिहिलं, ‘मासे पूर्ण वर्ज्य. एक घासही विषासमान.’ हे सापळ्यासाठी नव्हतं. हे त्या वासासाठी होतं.

शिक्का मारला. पाकिटात घातलं. संध्याकाळच्या टपालात गेलं.

पोस्टमनने ते आणलं त्या संध्याकाळी काकी माझी वाट बघत जिन्यात बसली होती. मी तिच्या खोलीत बसून वाचून दाखवलं. काका भिंतीला टेकून ऐकत होते. हॉस्पिटलची गरज नाही, हे वाक्य आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि सुटल्यासारखा मोठा श्वास सोडला. सुयांची भीती होती ना त्यांना. आणि मी — मी त्यांच्या तोंडाकडे बारकाईने बघत होते, हा नाटक करतोय का म्हणून.

“डॉक्टर बोलले मा, मगे झाला,” काकी म्हणाली. तिने ते पत्र कॅलेंडरमागे खोचलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी भरायच्या निमित्ताने नळावर जाऊन उभी राहिले. कळशी भरली, ओतली, परत भरली. काकांचं दार उघडलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभर नाही. सूर्य वर आला की काका गॅलरीत येऊन बसायचे, उन्हाच्या तुकड्यात, धुतलेला सदरा घालून.

म्हणजे मला कळलं. माझा सापळा चांगलाच होता, त्याने खरं ते सांगितलं. माणूस गिरणीत जात नव्हता. माणूस आजारी होता, रोज पहाटे उठून, एकच चांगला सदरा धुऊन घालून, हॉस्पिटलच्या रांगेत उभा राहत होता, आणि मी त्याला घरी बसवलं होतं.

मग काय केलं मी? तुम्हाला वाटत असेल, धावत गेले असेन. दुसरं पत्र तरी लिहिलं असेल — डॉक्टरसाहेबांनी फेरविचार केला आहे, ताबडतोब हॉस्पिटल गाठावे. एक कागद, चार ओळी आणि शिक्का, एवढंच लागणार होतं. मी ते रोज मनात लिहायची. बसमध्ये लिहायची, जेवताना लिहायची. पण कागदावर नाही. डॉक्टर एकदा असं आणि एकदा तसं सांगतात म्हटलं की काकी विचारायला येईल, ती बोलकी, ऑफिसात येईल, अण्णासाहेबांना कळेल मी मनाचं लिहिलं, नोकरी जाईल, चाळीत कळेल डॉक्टर कोण ते. असं सगळं पुढचं पुढचं मला दिसायचं. खोकलाही ऐकू येत होता. मी उशी कानावर घ्यायला शिकले.

वडिलांनाही सांगितलं नाही की काका आत जात नव्हते. कसं सांगणार? तुला काय माहीत, असं त्यांनी विचारलं असतं. म्हणून लोक काकांशी बोलत नव्हते ते तसंच राहिलं. काका उन्हात बसायचे आणि आमच्या दारातून जो जाईल तो मान वळवून जायचा. मीसुद्धा.

लाल बाटल्या मीच आणून देत असे. कर्मचाऱ्यांना सवलतीत मिळायच्या. काकी म्हणायची, कुंदा आहे म्हणून. काका वाळत चालले. शेजारून माशांचा वास यायचा बंद झाला, आणि ते मला त्या सगळ्यात लक्षात आलं, यावरून मी काय माणूस होते ते ओळखा. काकीचा भाऊ वरळीहून पिशवी घेऊन यायचा — खराच भाऊ, उन्हाने रापलेला, लुंगीतला — आणि काकी ती पिशवी परत पाठवायची. एकदा त्याने मला जिन्यात गाठून विचारलं, “ह्या कसला पथ्य गो? मासे खाऊनच आमी जगलव.” मी म्हटलं, डॉक्टरांनी सांगितलंय.

दिवाळीनंतर भावाने कोणाचं न ऐकता काकांना उचलून टॅक्सीत घातलं आणि हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरबाई काकीवर ओरडल्या, इतके दिवस कुठे होतात, आधी येत होते ना, मग यायचे का थांबले? काकीने काय सांगायचं? एका डॉक्टरचं नाव दुसऱ्या डॉक्टरला कसं सांगायचं, म्हणून ती गप्प राहिली. ती आयुष्यात गप्प बसली असेल तर तेव्हाच. काका घरी परत आले नाहीत.

खांदा द्यायला गावची माणसं होती. आमच्या मजल्यावरून फारसं कोणी गेलं नाही. वडील गॅलरीत उभे राहिले, मग आत आले.

इथे संपलं असतं तरी मी वाईटच ठरले असते. पण अजून एक राहिलंय, आणि मी ज्यासाठी बसले ते हेच.

तेरावं झाल्यावर काकी परत आली. परत दार लोटलं. परत तेच निळं आंतर्देशीय. मला वाटलं, कळलं हिला. आता माझ्याच हाताने माझी तक्रार लिहून घेणार. काकी खाली बसली आणि म्हणाली, “डॉक्टरांका लिव. मियाच चुकलय. जावच्या आदल्या म्हयन्यात एकदा बांगडो मागल्यानी. आशेन बघी होते. माका ऱ्हवाक नाय. दिलय मी. पथ्य मोडलय. तुमी येवढा सांगितलात, आनी मी इख घातलय त्यांका. माका माफ करा म्हणान लिव.”

मी लिहिलं. शब्दन् शब्द लिहिलं. तिच्यासमोर लिहिलं, पत्ता घातला, चिकटवलं.

ते पत्र माझ्या टेबलावर आलं तेव्हा उत्तर काय द्यायचं हे माझ्या हातात होतं. खरं म्हणजे तेव्हा पहिल्यांदा सगळंच माझ्या हातात होतं. काका गेले होते, त्यांना काही करता येत नव्हतं, पण काकीला करता येत होतं. डॉक्टरांनी लिहायला हवं होतं — बाई, माशाने कोणी मरत नाही. तुमचा काही दोष नाही. चूक सल्ल्याची होती. एवढं लिहिलं असतं तर ती बाई मोकळी झाली असती.

पण मासा निर्दोष म्हटला की मग ते कशाने गेले, हा प्रश्न उरतो. तो प्रश्न मला नको होता. तो तिच्याकडेच राहिलेला मला बरा वाटला. म्हणून मी झुकत्या अक्षरात लिहिलं : ‘पथ्यभंग झाला हे खरे. तथापि आपण तो मायेपोटी केला हे मी जाणतो. मी आपणांस क्षमा करतो. — डॉ. एम. जयवंत, लंडन.’

क्षमा. मी तिला क्षमा केली. तुम्ही बघा हे कसं दिसतं. दोष नाही म्हटलं असतं तर दोष गेला असता. क्षमा केली, म्हणजे तो कायमचा तिच्या नावावर करून दिला.

ती ते ऐकून रडली आणि पदराने पत्र पुसून घडी घातली. मी नोकरी आणखी बरीच वर्षं केली. संप कधी संपला ते कोणालाच सांगता येत नाही, तसा तो संपला. चाळीच्या जागी उंच इमारत आली. मी लग्न होऊन दादरला आले, काकी लेकीकडे अँटॉप हिलला सरकारी वसाहतीत राहायला गेली. मी तिच्याकडे जायची. दर गणपतीत, दर दिवाळीत. लेक म्हणायची, सख्ख्या भाचीने केलं नसतं इतकं कुंदाताईने केलं. मी ते ऐकून घ्यायची.

आणि दर वेळी काकी देव्हाऱ्यातून ते पत्र काढायची. “वाच गो.” मी वाचायची. पथ्यभंग झाला हे खरे. घरात शिकलेली नातवंडं होती, त्यांना ती कधी सांगत नसे. मलाच. कॅलेंडरवरून कापलेले डॉक्टरसाहेब देव्हाऱ्यात दत्तगुरूंच्या शेजारी, कपाळाला गंध. मी वाचत असताना ती कागदाकडे बघत नसे. माझ्या तोंडाकडे बघत असे. का? तिला माहीत होतं का? मी संशयी आहे हे तुम्हाला सांगितलंच. मला कित्येकदा वाटलं की तिला सगळं ठाऊक आहे, आणि हे वाचायला लावणं ही तिने मला दिलेली शिक्षा आहे. मग वाटायचं, हा विचारही मी माझ्या सोयीसाठी करते आहे — तिला माहीत असलं की मला सांगायला नको. तिने बांगडा मात्र काका गेल्यापासून तोंडात घातला नाही. मालवणची बाई. मुलीच्या घरी मासे व्हायचे तेव्हा ती गॅलरीत जाऊन बसायची.

मागच्या दिवाळीत गेले तेव्हा ती अंथरुणावरच होती. डोळ्यांना दिसत नव्हतं, तरी हात चाचपत देव्हाऱ्याकडे केला. मी पत्र काढलं. घड्यांवर फाटलं होतं, लेकीने मागून चिकटपट्टी लावली होती. मी वाचलं. सवयीने पाठ झालं होतं, कागदाकडे बघायची गरज नव्हती. शेवटचं वाक्य आलं — मी आपणांस क्षमा करतो — आणि काकीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

“डॉक्टरांका बरा वाटला आसतला गो,” ती म्हणाली. “माका माफ करून.”

मी म्हटलं, हो काकी, वाटलं असेल.

मग मी पत्राची घडी घातली आणि होतं तिथे, डॉक्टरसाहेबांच्या मागे, ठेवून दिलं.